मित्राला पत्र लिहितां येतें काय ?

मराठीच्या प्रश्नपत्रिकेंत "मित्रास पत्र लिहा" हा प्रश्न दिसला, म्हणजे पुष्कळ विद्यार्थ्यांस हायसें वाटतें. निबंधाहून हें सोपें, व्याकरणाहून तर फारच सोपें, असा सर्वसाधारण समज आहे. वर गांव व तारीख, खालीं मायना, मध्यें चार ओळी आणि शेवटीं "तुझा मित्र" असें लिहिलें, कीं गुण पदरांत पडले, असा हिशेब असतो. परंतु एके काळीं हाच प्रश्न एखाद्या वर्गाला नव्हे, तर साऱ्या हिंदुस्थानाला विचारला गेला होता, आणि हजारांतील नऊशें एकेचाळीस माणसांच्या नांवापुढें त्याचें उत्तर "नाहीं" असें लिहिलें गेलें होतें, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल.

१९११ सालच्या मार्च महिन्यांत हिंदुस्थानची खानेसुमारी झाली. साक्षर कोणाला म्हणावें, याचें सर्व प्रांतांत एकसारखें माप तोंपर्यंत नव्हतें. नुसती सही करतां आली म्हणजे मनुष्य साक्षर झाला काय ? पाठ असलेलें पान बोट ठेवून म्हणतां आलें म्हणजे झाला काय ? अशा शंका उरूं नयेत म्हणून त्या वर्षीं एक साधी कसोटी ठरविण्यांत आली. ज्याला आपल्या मित्रास पत्र लिहितां येतें आणि त्याचें आलेलें उत्तर वाचतां येतें, तो साक्षर. इतर सर्व निरक्षर. या कसोटीस हजारीं केवळ ५९ माणसें उतरलीं. पुरुषांत हें प्रमाण हजारीं १०६, तर स्त्रियांत हजारीं सुमारें १० पडलें. या हिशेबांत पाळण्यांतलीं मुलेंहि धरलेलीं आहेत, हें खरें. तथापि तीं वगळलीं तरी चित्र फारसें पालटत नाहीं.

आतां गंमत अशी, कीं याच काळांत टपालाच्या थैल्या भरभरून वाहत होत्या. १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचें कार्ड निघालें होतें, आणि पुढच्याच वर्षापासून टपालखात्यानें मनीऑर्डरी स्वीकारण्यास आरंभ केला होता. ज्या घरांत एकालाहि अक्षरओळख नव्हती, अशा घरींसुद्धां कार्ड येऊं लागलें व तेथून कार्ड जाऊं लागलें. मग हीं पत्रें लिहीत कोण होतें ? वाचीत कोण होतें ? आणि दुसऱ्याच्या हातानें लिहिलेल्या व दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेल्या पत्रांत मायलेकरांचें, पतिपत्नींचें, मित्रामित्रांचें प्रेम कसें मावत होतें ? या प्रश्नांचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे.

समजा, १९१०-१२ च्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यांतील एक तरुण मुंबईच्या गिरणींत कामाला लागला आहे. असे तरुण त्या काळीं हजारांनीं मुंबईस जात, आणि त्यांचें घरदार मागें कोंकणांतच राही. पावसाळा तोंडावर आला, किनाऱ्याच्या आगबोटी बंद होण्याची वेळ जवळ आली, आणि त्याला घरीं पत्र धाडावयाचें आहे. त्याच्या खोलींत दहा-बारा गांवकरी राहतात. त्यांतला एकजण चौथी इयत्ता शिकलेला आहे. रविवारीं तो कार्ड पुढें घेऊन बसतो, आणि हा सांगूं लागतो. असा लिहिणारा खोलींत नसेल, तर बाजारांत किंवा टपाल कचेरीजवळ कागद-दौत घेऊन बसणाऱ्या लेखनिकाकडे जावें, चार पैसे द्यावे आणि लिहवून घ्यावें. मुंबईच्या मोठ्या टपाल कचेरीची भव्य इमारत १९१३ सालीं पुरी झाली. तिच्या आसपास बसणारे असे लेखनिक पुढेंहि कित्येक वर्षें मुंबईकरांच्या ओळखीचे होते.

कार्ड थैलींतून निघतें, आगबोटीनें बंदरावर उतरतें, आणि हरकाऱ्याच्या खांद्यावरून घाट व खाड्या ओलांडीत खेड्यांत पोंचतें. लहान गांवीं टपालाचें काम बहुधा शाळामास्तराकडेच असे. तो किंवा टपालवाला कार्ड घेऊन येतो. पडवींत सगळीं माणसें जमतात, शेजारचींहि येतात. मग टपालवाला, मास्तर किंवा शाळेंत जाणारा एखादा मुलगा तें कार्ड मोठ्यानें वाचून दाखवितो. म्हणजे सांगणारा एक, लिहिणारा दुसरा, वाचणारा तिसरा, आणि ऐकणारीं दहा ! पत्र हा दोघांमधला एकांतांतला संवाद, अशी आपली आजची समजूत. परंतु त्या काळच्या बहुसंख्य माणसांच्या वांट्यास असा एकांत कधींच आला नाहीं.

हें ध्यानांत घेतलें, म्हणजे जुन्या पत्रांतील मायन्यांचा अर्थ नीट कळूं लागतो. आरंभीं "श्री", मग वडिलांस "तीर्थरूप", इतर वडीलधाऱ्यांस "तीर्थस्वरूप", मुलांस "चिरंजीव", सुवासिनीस "सौभाग्यवती". पुढें "साष्टांग नमस्कार विनंती विशेष" किंवा "अनेक आशीर्वाद". आणि अखेरीस "कळावें, लोभ असावा, हे विनंती". शाळेंत हें पाठ करतांना विद्यार्थी कंटाळतात. सर्वांचीं पत्रें एकसारखीं, त्यांत मनाचें असें काय राहिलें, असें त्यांना वाटतें. परंतु ज्याला स्वतः लिहितां येत नव्हतें, त्याला या ठराविक शब्दांचा मोठा आधार होता. दहा जणांसमक्ष मन उघडें करण्याची पाळी त्यावर येत नसे. ठराविक शब्द ठराविक जागीं आले, कीं सर्व क्षेम आहे, असें ऐकणारीला कळे. एखाद्याचा नमस्कार राहून गेला किंवा एखादें नांव खालीं गेलें, तर तेंहि कळे, आणि त्यावरून रुसवेफुगवे होत.

मनांतली गोष्ट जावयाची ती आडवाटेनें जाई. आपल्या त्या गिरणींतल्या तरुणाचें नुकतेंच लग्न झालें आहे, असें धरूं. पत्र वडिलांच्या नांवें आहे. तें सर्वांसमोर वाचलें जाणार. "तूं कशी आहेस ?" असें बायकोला विचारण्याची सोय नाहीं, तिचें नांव लिहिण्याचीहि रीत नाहीं. तो लिहवितो : "घर शाकारलें काय ? आईच्या हाताखालीं कामाला कोणी आहे ना ? पावसाच्या आधीं लांकडें आंत घेतलीं कीं नाहीं ?" ऐकणाऱ्या दहा जणांना हे घरकामाचे प्रश्न वाटतात. दाराआड उभ्या असलेल्या अकराव्या व्यक्तीला ते प्रश्न कोणासाठीं आहेत, हें बरोबर समजतें. जुनीं पत्रें रुक्ष असतात, असें म्हणण्यापूर्वीं अशीं वाक्यें पुन्हां एकदां वाचून पाहावीं.

कार्ड उघडें असतें आणि पाकीट बंद असतें, हा भेदहि लहान नव्हता. कार्डास पाव आणा पडे, तर बंद पत्रास निदान अर्धा आणा. १९२२ सालीं दर वाढले, तेव्हां कार्ड अर्ध्या आण्यास व पत्र एका आण्यास झालें. म्हणजे दोन्ही वेळां गुप्ततेची किंमत उघड्या पत्राच्या दुप्पट होती. गरिबाला ती दर खेपेस परवडत नसे. हीच अडचण परदेशांतहि होती. इंग्लंडांत १९०२ सालापासून चित्राच्या कार्डाची पाठ दुभागून एका बाजूस मजकूर व दुसऱ्या बाजूस पत्ता लिहिण्यास परवानगी मिळाली, आणि अशीं कार्डें पाठविण्याची लाटच आली. परंतु कार्ड टपालवाला वाचणार, घरांतील मंडळी वाचणार ! म्हणून तेथील तरुण-तरुणी कधीं सांकेतिक लिपींत लिहीत, तर कधीं तिकीट तिरकें किंवा उलटें लावून त्यावरून आपल्या मनांतला भाव सुचवीत. तिरक्या तिकिटाचा अर्थ काय, हें सांगणारीं कोष्टकेंसुद्धां तिकडे छापून विकलीं जात. आमच्याकडे तिकिटानें जें काम केलें नाहीं, तें शाकारलेल्या घरानें व आंत घेतलेल्या लांकडांनीं केलें, इतकाच फरक !

मनीऑर्डरीची गोष्ट याहून हृदयस्पर्शी आहे. तिच्या फॉर्मच्या एका तुकड्यावर चार ओळी लिहिण्यापुरती जागा असे. पुष्कळांचें महिन्याचें पत्र तेवढेंच. पैसे घेणारीस सही येत नसली, तर साक्षीदारासमक्ष तिच्या अंगठ्याचा ठसा घेतला जाई, आणि ती पोंचपावती पैसे धाडणाऱ्याकडे परत येई. मुंबईच्या खोलींत त्या मुलाच्या हातीं काय पडे ? सरकारी कागदाचा एक लहानसा तुकडा, आणि त्यावर आईच्या अंगठ्याची शाई. त्या कागदावर तिचें स्वतःचें असें तेवढेंच असे. बाकी सर्व मजकूर दुसऱ्याच्या हातचा. तो ठसा मात्र दुसऱ्या कोणाचाच असूं शकत नव्हता.

जें घरगुती पत्रांचें, तेंच पहिल्या महायुद्धांत शिपायांच्या पत्रांचें झालें. फक्त तेथें लिहिणाऱ्या व वाचणाऱ्यांत आणखी एका परक्या माणसाची भर पडली. १९१४ च्या शरद्ऋतूंत हिंदी पलटणी फ्रान्समध्यें उतरल्या. १९१५ सालीं तेथील हिंदी शिपायांचीं पत्रें आठवड्यास दहा हजारांहून अधिक भरूं लागलीं. बहुतेक शिपाई लिहितां न येणारे. ते सोबत्याकडून किंवा पलटणींतल्या लेखनिकाकडून लिहवून घेत. हीं पत्रें तपासण्यासाठीं बूलोन येथें एक कचेरी उघडण्यांत आली, आणि कॅप्टन हॉवेल नांवाचा अधिकारी तिच्यावर होता. आपलें पत्र तपासलें जातें, हें शिपायांना ठाऊक होतें. म्हणून तेहि आडवाटेनें लिहीत. कोणी काळ्या मिऱ्यांचा व लाल मिरचीचा हिशेब घरीं कळवी. काळीं मिरीं म्हणजे हिंदी शिपाई, आणि लाल मिरची म्हणजे गोरे शिपाई. कोणतीं मिरीं संपत आलीं व कोणती मिरची अजून शिल्लक आहे, यावरून रणांगणावरची स्थिति गांवांत समजावी, हा हेतु. अर्थात् तपासनिसांच्याहि तें लवकरच ध्यानांत आलें.

या गोष्टीचा शेवट विलक्षण आहे. तीं मूळ पत्रें ज्या खेड्यांत गेलीं, तेथें तीं बहुतेक नाहींशीं झालीं. परंतु तपासनिसांनीं त्यांतील उतारे इंग्रजींत करून आपल्या अहवालांस जोडले होते. ते अहवाल लंडन येथील ब्रिटिश ग्रंथालयांत राहिले, आणि त्यांतील निवडक पत्रांचें पुस्तक डेव्हिड ओमिसी या इतिहासकारांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केलें. जें परक्यानें वाचूं नये, असें त्या शिपायांना वाटत होतें, तें परक्यानें वाचलें म्हणूनच आज आपल्याला वाचावयास मिळतें. पण तेंहि मूळच्या भाषेंत नव्हे, आणि लिहिणाऱ्याच्या अक्षरांत तर नव्हेच.

महाराष्ट्रांतील घरांना त्या युद्धाचा चटका बसला तो मुख्यतः मेसापोटेमियांतून. पुण्याची म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन टायग्रिस नदीच्या कांठीं कूत-अल-अमारा येथें डिसेंबर १९१५ मध्यें वेढ्यांत सांपडली. तींत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं अन्नाअभावीं त्या सैन्यास शरण जावें लागलें, आणि सुमारें तेरा हजार माणसें कैद झालीं. त्या पांच महिन्यांत टपालाची नेहमींची वाट बंद होती. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या बाजूंच्या किती पडव्यांत टपालवाल्याची वाट पाहिली गेली असेल, याची कल्पना करावी. पत्र आलें नाहीं, म्हणजे काय समजावें, हें सांगणारा मायना कोणत्याच पत्रलेखनाच्या पुस्तकांत नसतो.

येथें त्या वाचणाऱ्या शाळकरी मुलाची आठवण होते. निरक्षर गांवांत त्याच्याकडे केवढें काम आलें होतें ! कोणाच्या घरीं कर्ज किती, कोणाचा मुलगा पैसे धाडीत नाहीं, कोणाची लेक सासरीं दुःखांत आहे, हें सर्व त्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला वाचावें लागे, आणि तें पोटांत ठेवावें लागे. मृत्यूचें वर्तमान असलेल्या कार्डाचा कोपरा फाडण्याची रीत पुष्कळ ठिकाणीं होती. तसें कार्ड हातीं आलें, म्हणजे ज्यांना वाचतां येत नव्हतें, त्यांनाहि तें वाचतां येई. मुलगा तोंड उघडण्यापूर्वींच घरांत रडें सुरू होई. पण कोण गेलें, हें मात्र त्यालाच सांगावें लागे. साक्षरता म्हणजे केवळ अक्षरांचें ज्ञान नव्हे, हें अशा मुलांना कोणत्याहि पुस्तकावांचून कळलें असलें पाहिजे. ज्याला लिहितां-वाचतां येतें, त्याच्या हातीं दुसऱ्याचें हृदय येतें. त्यानें एक शब्द वाढवूं नये, एक शब्द गाळूं नये, आणि घराबाहेर एक शब्द नेऊं नये.

असे हात प्रामाणिक असले, तरी दुसऱ्याचे ते दुसऱ्याचेच. म्हणून ज्या दिवशीं एखादी स्त्री स्वतः चार ओळी लिहूं लागली, तो दिवस तिच्या आयुष्यांत सामान्य नव्हता. मुलगी लिहायला शिकली तर ती पत्रें लिहूं लागेल, हा स्त्रीशिक्षणावर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकीं एक होता. न्यायमूर्ति रानडे यांनीं आपल्या पत्नीस शिकविण्यास आरंभ केला, तेव्हां घरांतील वडील स्त्रियांचे टोमणे त्यांना किती सोसावे लागले, हें रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या "आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी" या आपल्या पुस्तकांत सांगितलें आहे. हजार स्त्रियांत दहा, असें खानेसुमारीच्या कोष्टकांत आपण वाचतों, तेव्हां त्या दहांतील पुष्कळींना असेंच कांहीं तरी सोसावें लागलें असेल, हें विसरूं नये. दाराआड उभें राहून आपल्यासाठींचा प्रश्न ओळखण्याऐवजीं आपल्या नांवाचें पाकीट आपल्या हातानें फोडणें, आणि त्याचें उत्तर आपल्या अक्षरांत धाडणें, हें त्यांनीं मिळविलें.

आतां आपल्याकडे वळूं. पूर्वीं पुष्कळ घरांत आलेलीं पत्रें खुंटीवर टांगलेल्या एका तारेंत ओवून ठेवीत. घर बदलतांना, रंग देतांना अशा तारा गेल्या. पण कोठें तरी माळ्यावर, ट्रंकेंत, जुन्या पोथीच्या पानांत एखादें कार्ड अजूनहि सांपडतें. सुट्टींत घरच्या मंडळींच्या परवानगीनें त्याचा शोध घ्यावा. मिळालें, तर प्रथम टपालाचा शिक्का पाहावा; गांव व तारीख तेथें बहुधा सांपडते. मग मजकुराचें अक्षर व सहीचें अक्षर एकच आहे काय, हें पाहावें. नसेल, तर लिहिणारा कोण असेल, तें आजी-आजोबांना विचारावें. नमस्कार व आशीर्वाद कोणकोणास आहेत, व कोणत्या क्रमानें आहेत, हें टिपावें. त्या वेळचें सारें कुटुंब तेथें उभें राहतें. शेवटीं, साध्या दिसणाऱ्या प्रश्नांत कोणाची चौकशी दडली आहे, याचा विचार करावा.

कदाचित् तें पत्र मोडी लिपींत असेल. आधीं आडवी रेघ ओढून तिच्याखालीं, शब्दांत अंतर न ठेवतां, हात न उचलतां लिहिलेलें तें अक्षर आपणांपैकीं बहुतेकांना लागणार नाहीं. तेव्हां मनांत एक विचार अवश्य आणावा. मित्रास पत्र लिहितां यावें आणि त्याचें उत्तर वाचतां यावें, अशी १९११ ची कसोटी होती. आपल्याच पणजोबांच्या पत्रापुढें आपण त्या कसोटीस उतरत नाहीं ! मग तें पत्र वाचून घेण्यासाठीं मोडी जाणणाऱ्या माणसाकडे आपल्याला जावें लागेल, आणि तो वाचीत असतां, पूर्वीं त्या पडवींतलीं माणसें ऐकत होतीं तसें, आपण पुढें सरकून ऐकूं.

आणि जें आपण दुसऱ्याकडून अपेक्षितों, तें आपणहि द्यावें. आज कार्डें थोडीं राहिलीं. निरोप मोबाईलवर येतात. तरी शेजारच्या आजी अजूनहि म्हणतात, "बाळ, हें काय आलें आहे, एवढें वाचून दाखव." बँकेचें पत्र असेल, दवाखान्याचा कागद असेल, दूर असलेल्या मुलाचा निरोप असेल. घाईनें, उभ्या-उभ्या, अर्धें गाळून वाचूं नये. जवळ बसावें, सावकाश वाचावें, उत्तर सांगतील तसें लिहावें, आणि तेथून उठल्यावर तें विसरून जावें. परीक्षेंत "मित्रास पत्र लिहा" या प्रश्नास जे गुण मिळावयाचे ते मिळोत. हा दुसरा प्रश्न मात्र ज्याच्या-त्याच्या घरींदारीं विचारला जातो, आणि त्याचें उत्तर तपासण्यास आजीवांचून दुसरा परीक्षक नसतो.